ठाण्याला नाट्यगृह कसं मिळालं?

1967 च्या ठाणे नगरपालिका निवडणुकीत नाट्यगृह हा प्रचाराचा विषय होता, हे नव्या पिढीला सांगितलं तर पटत नाही. पाणी, रस्ते, गटारं यांच्याबरोबर ठाणेकर रंगमंचही मागत होते. बाळासाहेब ठाकरे यांनी तसं वचन दिलं, शिवसेनेला पहिली सत्ता याच शहराने दिली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले.

ठाण्यातला वाचणारा, नाटकवेडा वर्ग जुना. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. पण व्यावसायिक नाटक पाहायचं तर दादर गाठावं लागे. तिथे 1965 मध्ये शिवाजी मंदिर सुरू झालं आणि ओढ आणखी वाढली. रात्रीचा प्रयोग लांबला की शेवटच्या अंकात अर्धं लक्ष नाटकात, अर्धं परतीच्या लोकलमध्ये.

वचन पुरं व्हायला 11 वर्षं लागली. सतीश प्रधान नगराध्यक्ष असताना, 1978 मध्ये, मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन उभं राहिलं. गडकरी 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांनी वयाची चौतीसही गाठली नव्हती. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलेलं त्यांना पाहता आलं नाही. त्यांच्या नावाला हा मान मिळाला, हे फार चांगलं झालं.

जागेची निवड तर अचूकच. स्टेशनवरून चालत यावं, खिडकीवर प्लॅन बघून तिकीट काढावं, मध्यंतरात बटाटावडा खावा आणि पडदा पडल्यावर तलावपाळीला फेरी मारत नाटकावर वाद घालावा, असा शहराला सरावच पडला. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्मात्यांची रस्सीखेच चालू लागली. एखादं नवं नाटक चालणार की नाही, हे ‘गडकरी’च्या रविवारी कळतं, असं नाटकवाले मानतात ते उगाच नाही.

वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह वेगळ्या वाटेने आलं. सिडकोने आखलेल्या शहरात नोकरीधंद्यासाठी आलेली माणसं आधी स्थिरावली, मग नाटकाला जाऊ लागली. 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या भाव्यांचं नाव इथे शोभतंच, कारण वाशीच्या बाजारात राबणारे कितीतरी माथाडी सातारा-सांगलीकडचे.

पुढे ठाणं घोडबंदरच्या दिशेने पसरलं आणि एका नाट्यगृहावर भागेना. म्हणून मानपाड्याकडे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह झालं. मोठ्या सभागृहासोबत तिथे छोटं सभागृहही आहे. प्रायोगिक मंडळींना मोठं सभागृह परवडत नाही आणि भरतही नाही. त्यांच्यासाठी हे छोटं दालन माझ्या मते जास्त मोलाचं.

2024 मध्ये रंगायतन दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा जुन्या ठाण्यातल्या ज्येष्ठ प्रेक्षकांना मानपाड्याचा पल्ला जड गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं. आता तारखा देताना नाटकाला पहिला हक्क मिळाला पाहिजे, स्नेहसंमेलनं आणि सत्कार समारंभ त्यानंतर.