संपादन-अधिकार (स्वयंसेवी ज्ञानकोशातील)

स्वयंसेवकांनी चालवलेल्या ऑनलाइन ज्ञानकोशात एखादे पान कोणी बदलावे, कोणी कुलूपबंद करावे, कोणी वगळावे आणि दुसऱ्या सदस्याचे लेखन कोणी थांबवावे, हे ठरवणाऱ्या तांत्रिक परवानग्यांना संपादन-अधिकार म्हणतात. त्या नोकरीबरोबर येत नाहीत आणि पदवीबरोबरही येत नाहीत. काही आपोआप मिळतात; उरलेल्या, सदस्याचे आजवरचे काम पाहून इतर सदस्य देतात. या प्रकारचा सर्वांत मोठा ज्ञानकोश विकिपीडिया असल्याने येथील उदाहरणे तिथलीच आहेत.

‘कोणीही बदल करू शकतो, मग विश्वास ठेवायचा कशावर?’ हा प्रश्न वाचक हमखास विचारतात. विश्वास माणसाच्या नावावर नसतो, पानाच्या ‘इतिहासा’वर असतो. पहिल्या शब्दापासूनचा प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि करणाऱ्याची ओळख यांसह तिथे टिकून राहतो आणि जुनी आवृत्ती केव्हाही परत आणता येते. बिघडवायला लागतो त्याहून कमी वेळ पूर्ववत करायला लागतो, या एका सोयीवर सगळा डोलारा उभा आहे. अधिकारांची उतरंड बाहेरून पदांच्या शिडीसारखी दिसते, पण तिच्यामागची कसोटी वेगळी आहे: केलेली गोष्ट इतरांना दिसते का, आणि ती परत फिरवता येते का? दिसते आणि फिरवता येते ते सर्वांना खुले असते. लपून राहणारे किंवा एकदा झाले की न पुसता येणारे काम मोजक्यांकडे दिले जाते.

ही मांडणी अनुभवातून आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये वाचकालाच पान बदलू देणारे पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० मध्ये काढलेल्या नुपीडिया या ऑनलाइन ज्ञानकोशाने मात्र उलट वाट धरली होती. तिथे तज्ज्ञांच्या तपासणीचे सात टप्पे ओलांडल्याशिवाय लेख प्रसिद्ध होत नसे आणि पहिल्या वर्षी जेमतेम वीसेक लेख तयार झाले. १५ जानेवारी २००१ रोजी त्याच दोघांनी सुरू केलेल्या विकिपीडियाने क्रम फिरवला: आधी लिहा, मग तपासा. नुपीडिया २००३ मध्ये बंद पडला.

‘मग तपासा’ याचा अर्थ कोणीतरी खरोखर तपासले पाहिजे, हे २००५ मध्ये फार कटू रीतीने कळले. अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथेलर हे एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. त्याच सीगेनथेलर यांच्यावरील लेखात, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, अशी धादांत खोटी ओळ कोणीतरी घातली. ती चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. इतिहासात बदल नोंदलेला होता, पण पाहायला कोणी गेले नव्हते. सीगेनथेलर यांनी वृत्तपत्रातून या प्रकाराला वाचा फोडल्यावर डिसेंबर २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवी पाने तयार करण्यास मनाई केली. त्यांना जुनी पाने बदलता येत राहिली.

पुढच्या काळात पायऱ्या वाढल्या. इंग्रजी विकिपीडियावर खाते चार दिवसांचे झाले आणि दहा संपादने झाली की सदस्याला अर्धसुरक्षित पाने, म्हणजे नवख्यांना आणि नोंदणी न केलेल्यांना बंद असलेली पाने, आपोआप खुली होतात. कडाक्याच्या वादातील विषयांसाठी तीस दिवस आणि पाचशे संपादने अशी वरची अट आहे. जर्मन विकिपीडियाने २००८ मध्ये निराळा मार्ग घेतला: नवख्याचा बदल जतन होतो, पण अनुभवी सदस्याने नजरेखालून घातल्यावरच तो सामान्य वाचकाला दिसतो. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० पासून लेख बदलण्यासाठी खाते सक्तीचे केले. प्रत्येक समाजाने आपली पाने, आपले मनुष्यबळ आणि सोसावा लागलेला त्रास पाहून तोल साधला आहे. एकच मापाचे कुलूप सगळ्या दारांना बसत नाही.

रोजची राखण कशी होते, हे ‘अलीकडील बदल’ या पानावर दिसते. ताजे बदल एकाखाली एक येत असतात आणि प्रत्येक ओळीत एक आकडा असतो: हिरवा म्हणजे मजकूर वाढला, लाल म्हणजे घटला. ठळक लाल −४,८१२ दिसला की अनुभवी सदस्य आपसूक ‘फरक’ उघडतो. डावीकडे तीन परिच्छेद आणि त्यांचे संदर्भ, उजवीकडे एक शिवी. हे काम सोपे आहे. ‘द्रुतमाघार’ अधिकार असलेला सदस्य एका टिचकीत त्या माणसाचे लागोपाठचे सगळे बदल उलटवतो. पुष्कळदा तर त्याच्याआधी सांगकाम्याच (बॉट, म्हणजे आपोआप संपादने करणारा संगणक-प्रोग्रॅम) ते करून मोकळा होतो. खरी परीक्षा पुढच्या ओळीत असते. तिथे आकडा ० आहे. कोणीतरी जन्मसाल १९२३ चे १९३२ केले आहे आणि कारण लिहिलेले नाही. ही दुरुस्ती की खोडी? सांगकाम्याला हे कळत नाही. सदस्याने संदर्भ उघडून, मूळ मजकूर वाचून ठरवावे लागते, आणि खात्री होत नसेल तर चर्चा पानावर विचारावे लागते. अशा वेळी द्रुतमाघार वापरणे हा अधिकाराचा गैरवापर मानतात, कारण समोरचा चांगल्या हेतूने आलेला असू शकतो आणि कारण न सांगता उलटवलेले लेखन नवख्याला दारातूनच परत पाठवते. अधिकार पेलण्याची लायकी मला तरी या शून्याच्या ओळीवरच दिसते. वगळलेल्या शिव्यांच्या संख्येवर ती ठरू नये.

पाने वगळणे, सुरक्षित करणे आणि सदस्यांना प्रतिबंध करणे हे प्रचालकांचे काम. वगळलेले पानही नष्ट होत नाही, ते परत आणता येते. म्हणूनच वेल्स यांनी २००३ मध्ये हे पद म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असे मत मांडले होते. प्रत्यक्षात ते मोठे होत गेले. इंग्रजी विकिपीडियावर उमेदवाराची आठवडाभर जाहीर छाननी होते. ७५ टक्क्यांवर पाठिंबा असला तर सहसा निवड होते, ६५ टक्क्यांखाली सहसा होत नाही, आणि मधल्या पट्ट्यात प्रशासक, म्हणजे प्रचालक नेमण्याचा अधिकार असलेले सदस्य, युक्तिवाद तोलून निर्णय देतात. २००७ मध्ये तिथे चारशेहून अधिक नवे प्रचालक निवडले गेले, २०१८ मध्ये अवघे दहा. उलटवता येणाऱ्या कामासाठी माणसाची इतकी उलटतपासणी करणे हे मूळ कसोटीपासून ढळणे आहे, आणि त्याची किंमत उरलेले थोडे प्रचालक जादा काम करून मोजतात. २०२४ मध्ये गुप्त मतदानाने निवडणूक घेण्याचा प्रयोग झाला तो याच अडचणीवर उपाय म्हणून.

कसोटी सर्वांत स्पष्ट दिसते ती सदस्य-तपासनीस या अधिकारात. एकच माणूस अनेक खात्यांनी मतदान करतो आहे का, हे पाहण्यासाठी तपासनीसाला सदस्यांचे आयपी पत्ते, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीचे क्रमांक, पाहता येतात. पाहिलेला पत्ता ‘न पाहिलेला’ करता येत नाही आणि बाकीच्या समाजाला ही तपासणी दिसतही नाही. म्हणून नियम असा, की एखाद्या विकीवर एकही स्थानिक तपासनीस नसला तरी चालेल, पण नेमायचे तर किमान दोन, म्हणजे एकाचे काम दुसरा पाहील. त्याचप्रमाणे २०१८ मध्ये संकेतस्थळाचा सामाईक जावास्क्रिप्ट (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) बदलण्याची मुभा सामान्य प्रचालकांकडून काढून वेगळ्या छोट्या गटाकडे दिली गेली. तिथली एक वाईट ओळ प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालली असती आणि नंतर ती उलटवून झालेले नुकसान भरून निघाले नसते.

माणसाच्या नावलौकिकावर विसंबले की काय होते, याचे उदाहरण २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर घडले. धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणून ओळखला जाणारा, मोठमोठे अधिकार मिळालेला एक सदस्य चोविशीतला तरुण निघाला. त्याच्याकडे सांगितलेली एकही पदवी नव्हती. त्याची संपादने सगळ्यांसमोर होती. न तपासलेली होती ती फक्त त्याची ओळख, आणि वादात तो तिचाच आधार घेत असे.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट लहान भाषांची. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका छोट्या गटाने सुमारे दशकभर अतिराष्ट्रवादी मजकूर राखला आणि हरकत घेणाऱ्यांनाच प्रतिबंध केले. या प्रकरणाचा अहवाल विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर ती भाषा न येणाऱ्या एका परदेशी किशोराने इंग्रजी वाक्यांचे स्पेलिंग बदलून वर्षानुवर्षे हजारो लेख लिहिले. तो तिथला प्रचालकही होता, आणि हे उघड झाले २०२० मध्ये. द्वेषापोटी काही नव्हते, उत्साह होता. दोन्ही ठिकाणी इतिहास पूर्ण होता, प्रत्येक बदल दिसत होता. नव्हती ती पाहणारी पुरेशी माणसे, म्हणजे भाषा येणारी आणि बोलण्याची मुभा असलेली. जिथे दहा-वीस जणच नियमित लिहितात तिथे एक अधिकार चुकीच्या हाती गेला तर संपूर्ण भाषेचा ज्ञानकोश वाकडा होतो. म्हणून फारच छोट्या विकींवर सर्व प्रकल्पांसाठी निवडलेले स्टुअर्ड प्रचालकपद मुदतीपुरतेच देतात.

विश्वासाची ओढाताण वरूनही होते. ऑगस्ट २०१४ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने जर्मन विकिपीडियावर ‘सुपरप्रोटेक्ट’ हे नवे कुलूप लावले. ते प्रचालकांनाही उघडता येत नव्हते. निमित्त चित्रे दाखवण्याच्या नव्या सोयीचे होते, पण स्वयंसेवकांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटला. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते काढून टाकण्यात आले.

खाते न काढता लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता पूर्वी इतिहासात सर्वांना दिसत असे. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने त्याच्या जागी ९० दिवसांचे तात्पुरते खाते येऊ लागले आहे. तो पत्ता पाहणे हा आता स्वतंत्र अधिकार आहे. तो मागण्यासाठी किमान सहा महिन्यांचे खाते आणि तीनशे संपादने लागतात, आणि कोणी कोणाचा पत्ता केव्हा पाहिला याची नोंद ठेवली जाते.