दिवसा निगेटिव्ह, रात्री पॉझिटिव्ह

कुटबण जेटीवर 2024 मध्ये ट्रॉलरवरच्या कामगारांत कॉलरा पसरला आणि ‘भायले (बाहेरचे) रोग घेऊन येतात’ हे वाक्य गोव्यात पुन्हा जोरात सुरू झालं. कॉलरा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. त्यामुळे जेटीवरच्या माणसांना प्यायला कुठलं पाणी मिळत होतं, शौचालयं किती होती, हे आधी विचारायला हवं. ते विचारणारे कमी. पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या एका रोगाबद्दल, हत्तीरोगाबद्दल, ज्याची तपासणी दिवसा केली तर बहुतेक वेळा वायाच जाते.

ऐंशीच्या दशकात पणजीत बांधकामं वाढली आणि त्यांच्याबरोबर मलेरियाही वाढला. टाक्यांत, स्लॅबवर साचवलेल्या स्वच्छ पाण्यात ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या डासाची चांगली सोय झाली. पुढे सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांना हेल्थ कार्ड सक्तीचं झालं: बोटाला सुई, काचपट्टीवर थेंब, कार्डावर शिक्का. मलेरियासाठी हे दिवसाढवळ्या चालतं. हत्तीरोगासाठी चालत नाही.

हत्तीरोग म्हटलं की आपल्याला सुजलेला पाय आठवतो आणि तो पाय असलेल्या माणसापासून लोक चार हात लांब बसतात. गंमत अशी की पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात जंतू बहुधा सापडतच नाहीत. सूज ही वर्षानुवर्षं बिघडत गेलेल्या लसीकावाहिन्यांची (शरीरातला लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांची) असते. ज्याच्याकडून रोग पुढे जातो तो माणूस दिसायला ठणठणीत असतो, दिवसभर विटा वाहतो आणि आपल्याला काही आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्या लसीकावाहिन्यांत वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय नावाच्या कृमीचं जोडपं राहतं. मादी हजारो सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडत राहते. या पिल्लांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. लांबी साधारण पाव मिलिमीटर.

आता माझा आवडता भाग. ही पिल्लं दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ नसतात. रात्री दहा ते दोनच्या दरम्यान त्यांची गर्दी होते आणि उजाडता उजाडता ती पुन्हा गायब होतात. डासात हा कृमी वाढतो हे पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरनं 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय इथं पाहिलं, आणि हे रात्रीचं येणंजाणंही त्यानंच नोंदवलं. दिवसा ती मरत नाहीत, फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात. रात्री बाहेर येतात कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हाच कृमी दिवसा चावणाऱ्या एडिस डासाबरोबर जातो. तिथं त्याची पिल्लं दिवसाही रक्तात भरपूर असतात.

पण पिल्लांना रात्र झाली हे कळतं कसं? 1881 च्या सुमारास स्टीफन मॅकेन्झी या लंडनच्या डॉक्टरनं मद्रासहून आलेल्या एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं. काही दिवसांत पिल्लांचं वेळापत्रकही उलटं झालं. म्हणजे उजेड-अंधार नव्हे, माणसाची झोप महत्त्वाची. विसाव्या शतकात फ्रँक हॉकिंगनं (स्टीफन हॉकिंगचे वडील) याचा धागा ऑक्सिजनपर्यंत नेला. फुफ्फुसात शिरणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब आणि तिथून बाहेर पडणाऱ्या रक्तातला दाब यांच्यातला फरक आपण जागे, हालचाल करत असताना मोठा असतो. तो मोठा असेपर्यंत पिल्लं फुफ्फुसात टिकून राहतात. झोपेत फरक कमी होतो आणि ती सुटून सगळ्या रक्तात पसरतात. रात्री रुग्णाला ऑक्सिजन हुंगवला तर बोटाच्या रक्तातली त्यांची संख्या घटते, हे हॉकिंगनं दाखवलं.

म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री वस्तीवर जातात. याला ते नाईट ब्लड सर्व्हेच म्हणतात. यात सोयही आहे. झुआरीनगर किंवा पर्वरीच्या साइटवरचा मजूर दिवसा सापडणार कुठे? सापडला तर रोजंदारी कोण भरून देणार? रात्री माणसं शेडमध्ये असतात, जेवणं झालेली असतात. मुकादम आणि वस्तीतली एखादी ओळखीची बाई बरोबर असेल तर बोटं पुढे येतात. हिंदीत नाही जमलं तर कन्नड, ओडिया लागते. पॉझिटिव्ह आला म्हणून कंत्राटदारानं कामावरून काढलं, तर पुढच्या खेपेला अर्धी शेड रिकामी मिळेल, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

मात्र मॅकेन्झीचा प्रयोग आठवला की एक अडचण दिसते. रात्रभर जागणारा वॉचमन, कॅसिनोतला सफाई कामगार, रात्री जाळं ओढणारा खलाशी यांचं घड्याळ उलटं असतं. त्यांच्या रात्रीच्या थेंबात पिल्लं कमी सापडणार. अशांसाठी पट्टीची चाचणी बरी. ती पिल्लं नव्हे, प्रौढ कृमीनं रक्तात सोडलेलं प्रथिन शोधते, त्यामुळे वेळेचं बंधन नाही. निकाल दहा मिनिटांत. पण पिल्लं संपली तरी कृमी जिवंत असेपर्यंत, किंवा त्यानंतरही काही काळ, पट्टी पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून खातरजमेला झोपेच्या वेळी घेतलेली काचपट्टी लागतेच.

जाता जाता अमावस्येचं. हत्तीरोग झालेल्याचा पाय अमावस्या-पौर्णिमेला दुखतो, ताप भरतो, असं किनारपट्टीवर आजही ठामपणे सांगतात आणि गंडेदोरे बांधतात. हे झटके चंद्रामुळे येत नाहीत. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे येतात. रोज साबण-पाण्यानं पाय धुऊन कोरडे ठेवले तर ते कमी होतात. दोऱ्यापेक्षा साबण स्वस्त आहे.

आणि ‘भायल्यां’ची भीती? मलेरियाचा परजीवी डासात हजारोंनी वाढतो. हा कृमी डासात वाढतो पण संख्येनं वाढत नाही; एक पिल्लू गिळलं तर फार तर एकच अळी तयार होते. म्हणून लागण व्हायला बहुधा शेकडो-हजारो डासदंश लागतात. आठवडाभराच्या पर्यटकाला याचा धोका नगण्य. एक मजूर आल्यानं गावात साथही येत नाही. साथ लागायला वर्षानुवर्षं गलिच्छ पाण्यात वाढलेले क्युलेक्स लागतात, आणि ते गटारात, सेप्टिक टाकीत, शेडमागच्या उघड्या सोकपिटात (शोषखड्ड्यात) पैदा होतात. गोव्यात हत्तीरोगाची सामुदायिक औषधवाटप मोहीम थांबली आहे, त्यामुळे आता लक्ष ठेवायचं ते माणसांच्या रक्तावर आणि डासांवर, दोन्हीकडे. डास पकडून त्यांच्या पोटातल्या कृमीचा डीएनए शोधण्याचं तंत्रही आहे. त्यात तर कुणाच्या बोटाला सुईही टोचावी लागत नाही.