लिदित्से आणि लेझाकी : एक गाव, एक वाडी

'हायड्रिखच्या खुनाचा सूड म्हणून नाझींनी बेचिराख केलेलं ते चेक गाव.' दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडंफार वाचलेला माणूस हे वाक्य सहज बोलून जातो. हायड्रिख म्हणजे नाझींनी व्यापलेल्या चेक प्रदेशाचा कारभार पाहणारा बडा अधिकारी. त्या बोलणाऱ्याला विचारावं, कुठलं गाव? कारण अशी गावं दोन आहेत, लिदित्से आणि लेझाकी. दोन्ही 1942च्या जून महिन्यातच संपवली गेली, मध्ये फक्त 14 दिवस गेले. नावं दोन्ही 'ल'वरून, त्यामुळे एकाची हकीकत दुसऱ्याच्या खात्यावर सर्रास जमा होते. प्रत्यक्षात दोघांत साम्य कमी आणि फरकच जास्त.

आधी उच्चार. लिदित्सेचं आपल्याकडे लिडिस, लिडाइस असं काहीही होतं. त्यातलं शेवटचं अक्षर 'चमचा'तल्या पहिल्या 'च'सारखं म्हणायचं, म्हणजे आपल्या जिभेला ते मुळीच अवघड नाही. लेझाकीचं नाव तिथल्या लेझाक ओढ्यावरून पडलं. पण चेक भाषेत लागर बिअरलाही 'लेझाक'च म्हणतात, त्यामुळे इंटरनेटवर शोधायला गेलात तर वाडीच्या आधी बिअरचे ग्लास दिसतात.

वाडी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. लिदित्से हे पुरतं गाव होतं. 1318 सालापासून त्याची कागदोपत्री नोंद सापडते. सेंट मार्टिनचं चर्च, शाळा, सुमारे 500 माणसं. प्रागच्या वायव्येला साधारण 20 किलोमीटरवर, विमानतळाकडून क्लाद्नोला जाताना वाटेतच ते लागतं. क्लाद्नो म्हणजे कोळसा आणि पोलाद. लिदित्सेचे बरेच पुरुष तिथल्या खाणींत आणि कारखान्यांत कामाला जायचे. म्हणजे शेतीवाडी असलेलं, पण पगारावर चालणारं, राजधानीच्या उंबऱ्यावरचं गाव.

लेझाकी तिथून दूर, पूर्व बोहेमियात ख्रुदिमच्या दक्षिणेला. ओढ्याकाठी एक पाणचक्की आणि तिच्या आसपास जेमतेम आठ घरं. लोकसंख्या पन्नाशीच्या घरात. चेक भाषेत अशा वस्तीला 'ओसादा' म्हणतात आणि आपली वाडी तिला बरोबर लागू पडते. इथली माणसं प्रामुख्याने पाथरवट. भोवती टेकड्या, झाडी आणि ग्रॅनाइटच्या खाणी. पुढे जे घडलं त्यात या खाणींचा मोठा हात आहे.

पार्श्वभूमी दोघांची एकच. 27 मे 1942 रोजी प्रागमध्ये राइनहार्ड हायड्रिखच्या मोटारीवर योझेफ गाबचिक आणि यान कुबिश यांनी हल्ला केला. हे दोघे ब्रिटनमधून विमानाने आणून पॅराशूटने उतरवलेले चेकोस्लोव्हाक सैनिक. हायड्रिख 4 जूनला मेला, 9 जूनला बर्लिनमध्ये त्याचा अंत्यविधी झाला आणि त्याच दिवशी लिदित्से नकाशावरून पुसण्याचा हुकूम निघाला.

लिदित्सेच का? कारण इतकं फुसकं आहे की पहिल्यांदा वाचताना मला काहीतरी सुटलं असंच वाटलं होतं. जवळच्या स्लानी गावातल्या एका कारखान्यात तिथल्या कामगार मुलीच्या नावे एक पत्र आलं. लिहिणारा विवाहित होता आणि त्याला प्रकरण संपवायचं होतं. आपण कसल्यातरी धोक्याच्या कामात आहोत असा आव आणून त्याने निरोप घेतला होता. हे पत्र गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या हाती पडलं. चौकशीत लिदित्सेच्या होराक कुटुंबाचं नाव निघालं, आणि त्या घरचा मुलगा ब्रिटनमध्ये हवाई दलात होता. बस, एवढंच. गावाची झडती घेतली तेव्हा काहीही सापडलं नव्हतं. हल्ल्याशी गावाचा काडीचाही संबंध नव्हता, आणि हे बहुधा तपास करणाऱ्यांनाही कळून चुकलं होतं.

9 जूनच्या रात्री गावाला वेढा पडला. पंधरा वर्षांवरचे पुरुष होराकांच्या शेतघराच्या आवारात गोळा केले गेले. गोळ्या दगडी भिंतीवर आपटून उलट येऊ नयेत म्हणून घराघरांतल्या गाद्या आणून भिंतीला टेकवल्या होत्या. 10 जूनला सकाळी आधी पाच-पाच, मग दहा-दहा जण त्या गाद्यांपुढे उभे केले गेले. 173 पुरुष तिथेच संपले. त्र्याहत्तर वर्षांचे पाद्री योझेफ श्टेम्बेर्का त्यांच्यातच होते. बायकांना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडलं. मग घरं पेटवली, चर्च सुरुंगाने उडवलं, स्मशानातली थडगी उकरली, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळवला. या सगळ्याचं चित्रीकरण नाझींनी स्वतः करून घेतलं आणि रेडिओवरून बातमी जाहीर केली.

लेझाकीत मात्र खरोखरच काहीतरी दडलेलं होतं. 1941च्या डिसेंबरअखेर ज्या विमानाने गाबचिक आणि कुबिश आले, त्याच विमानातून 'सिल्व्हर ए' नावाची तिघांची आणखी एक तुकडी उतरली होती. त्यांचं काम लंडनशी बिनतारी संपर्क ठेवण्याचं. यंत्राचं नाव 'लिबुशे', चालवणारा यिरी पोतूचेक. काही काळ ते यंत्र लेझाकीजवळच्या दगडखाणीत लपवलेलं होतं, नंतर पाणचक्कीनेही आसरा दिला. वाडीतल्या माणसांनी डोळे उघडे ठेवून हा धोका पत्करला होता. याच तुकडीतला योझेफ वाल्चिक पुढे प्रागमधल्या हल्ल्यातही सामील झाला. म्हणजे हायड्रिखशी खरा धागा जुळतो तो लेझाकीचा.

मग कारेल चुर्दा फुटला. तोही पॅराशूटने आलेलाच, दुसऱ्या एका तुकडीतला. 16 जूनला तो आपण होऊन गेस्टापोकडे गेला. 18 तारखेला प्रागच्या चर्चमध्ये लपलेले सात पॅराशूट सैनिक मेले, वाल्चिक त्यांच्यात होता. त्यानंतर तपासाचा माग पार्दुबित्सेच्या बाजूने सरकत वाडीपर्यंत आला. 24 जूनला दुपारी लेझाकीला वेढा पडला. इथे पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या हा भेदही केला नाही. दोन्ही मिळून 33 प्रौढांना पार्दुबित्सेला नेऊन त्याच रात्री गोळ्या घातल्या. रिकामी वाडी लुटून जाळली. पोतूचेक आधीच निसटला होता. 2 जुलैला पार्दुबित्सेजवळ त्याला गाठून ठार मारलं.

म्हणून कुणी 'पुरुष मारले, बायका छावणीत' म्हणालं तर ते लिदित्से, आणि 'बायकापुरुष सगळेच मारले' म्हणालं तर लेझाकी. घोळ सोडवायची एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

नंतरचं नशीबही वेगळं. नाझींनीच डंका पिटल्यामुळे लिदित्से जगभर पोहोचलं. ब्रिटनमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या बार्नेट स्ट्रॉस यांनी 'लिदित्से जगेल' ही चळवळ त्याच वर्षी उभी केली आणि खाणकामगारांनी पदरचे पैसे दिले. मेक्सिको, अमेरिका, व्हेनेझुएला अशा देशांत वस्त्यांना लिदित्सेचं नाव दिलं गेलं. 1947 साली जुन्या गावठाणाशेजारीच नव्या गावाची पायाभरणी झाली. आज तिथे माणसं राहतात, आणि जुन्या जागी फक्त उताराचं मोकळं गवताळ रान आहे. लेझाकीत पुन्हा कुणी घर बांधलं नाही. घरं होती त्या जागांवर ग्रॅनाइटची स्मारकं आहेत. चेक लोक त्यांना 'ह्रोबोदोम' म्हणतात, म्हणजे थडगं आणि घर एकात. ज्यांनी धोका ओळखून यंत्र लपवलं त्यांची वाडी तळटीपेत गेली आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते गाव प्रतीक झालं. मला हे खटकतं, पण यात लिदित्सेचा काय दोष!

आपल्याकडच्या काहींना लिदित्से ठाऊक असतं ते आणखी एका वाटेने. 1967 पासून तिथे मुलांच्या चित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं, भारतातूनही चित्रं जातात आणि बक्षिसं मिळवतात.

दोन्ही वस्त्यांच्या वाटा खऱ्या अर्थाने एकत्र येतात त्या मुलांपाशी. लिदित्सेची 82 आणि लेझाकीची 11 मुलं पोलंडमध्ये खेल्मनो इथे विषारी वायूने मारली गेली. लिदित्सेची 17 मुलं युद्धानंतर सापडली. लेझाकीच्या फक्त दोन बहिणी परतल्या, जर्मन करण्यालायक ठरवून बाजूला काढलेल्या. लिदित्सेच्या त्या उतारावर शिल्पकार मारी उखितिलोवा यांनी घडवलेला कांस्य मुलांचा घोळका उभा आहे. 1969 साली त्यांनी हे काम हाती घेतलं. 1989 मध्ये त्या गेल्यावर नवऱ्याने ते तडीला नेलं. छायाचित्रांखाली कधीकधी 'लिदित्से आणि लेझाकीची मुलं' असं छापलेलं आढळलं तर मोजून पाहा. 42 मुली, 40 मुलगे. सगळी लिदित्सेची.