नॅस, घरगुती

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज : घरातल्या चित्रफिती, गाणी, छायाचित्रे व स्कॅन केलेले कागद एका जागी ठेवून ते राउटरमार्फत टीव्ही, फोन आणि संगणकांना पुरवणारे साठवणयंत्र. पडदा व कळफलक नसलेला हा एक छोटा संगणकच असतो. त्यात बहुधा दोन किंवा चार हार्ड डिस्कचे खण असतात. डिस्क सहसा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात आणि एकूण खर्चात त्यांचाच वाटा मोठा ठरतो, म्हणून निवडीची सुरुवात डिस्कपासून केलेली बरी. राउटरला यूएसबी डिस्क जोडूनही थोडेफार असेच काम होते. तो प्रकार या नोंदीत घेतलेला नाही.

इतिहास : पहिले नॅस कोणते याबद्दल एकमत नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘न्यूकॅसल कनेक्शन’ ही प्रणाली तयार केली. तिच्यामुळे युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या एका यंत्रावरील फाइली दुसऱ्या यंत्रावर जणू तिथल्याच असल्यासारख्या उघडता येत. काही अभ्यासक आरंभ येथून धरतात. दुसरे १९८३ च्या सुमारास आलेल्या नॉव्हेलच्या नेटवेअरकडे बोट दाखवतात, तर तिसरे सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसकडे (नेटवर्क फाइल सिस्टीम). एनएफएसचे साल कुठे १९८४ तर कुठे १९८५ असे आढळते. आधीचे साल घडणीचे आणि नंतरचे प्रसाराचे मानल्यास हा फरक बराचसा मिटतो. मात्र या तिन्ही मुळात सॉफ्टवेअर-प्रणाली होत्या, फाइली पुरवण्यासाठीच बांधलेले स्वतंत्र यंत्र नव्हे. तशा यंत्राचा मान १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पेक्सला आणि त्यानंतर १९९२ मध्ये डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ व मायकेल माल्कम यांनी काढलेल्या नेटॲपला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

घरगुती नॅसचे मूळ मात्र दुसऱ्या वाटेने आले आहे. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांच्या कामातून निघालेला एसएमबी हा जाळ्यावरून फाइली देण्याघेण्याचा संकेत विंडोजने उचलला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास तो युनिक्सवर चालवणारा सांबा हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला. त्यामुळे स्वस्त लिनक्स यंत्र विंडोजला ओळखू येऊ लागले आणि आजची बहुतेक घरगुती यंत्रे सांबावरच उभी आहेत. २००४ मधील लिंक्सिसचे एनएसएलयू२ हे यूएसबी डिस्क जाळ्याला जोडणारे छोटे यंत्र आणि २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी सुरू केलेले, साध्या संगणकाचे नॅस करणारे फ्रीनॅस हे सॉफ्टवेअर यांनी हौशी मंडळींना या वाटेला लावले. तैवानच्या सिनॉलॉजी (२०००) व क्यूनॅप (२००४) या कंपन्यांनी पुढे तयार यंत्रांची बाजारपेठ उभी केली. एसएमबीची पहिली आवृत्ती असुरक्षित असल्याने २०१७ पासून विंडोज १० मध्ये ती मुळात बसवलेली नसते. जुने नॅस नव्या लॅपटॉपवर दिसेनासे होते, ते बहुधा याच कारणाने.

क्षमता : छापील ४ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ३.६४ दिसते, डिस्क बनवणारे दशमान गणित वापरतात आणि विंडोज द्विमान. डीव्हीडीची प्रत ८.५ गिगाबाइटपर्यंत जाते, ४के ब्लू-रेची १०० पर्यंत. फोनवर ४के, सेकंदाला ६० चौकटी असे चित्रण केल्यास मिनिटाला सुमारे ४०० मेगाबाइट लागतात. तासाभराचे चित्रण म्हणजे २४ गिगाबाइट. संग्रह वाढवतो तो सिनेमांपेक्षा घरचा फोनच, हे लक्षात घेऊन आजच्या साठ्याच्या दुप्पट जागा धरावी.

डिस्कची जात : आकारमान सारखे, किंमत जवळपास सारखी, तरी आतील लेखनपद्धती वेगळी असू शकते. सीएमआर पद्धतीत पट्ट्या एकमेकींपासून अलग असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या अंशतः एकमेकींवर चढवलेल्या असतात. लेखनशीर्ष वाचनशीर्षापेक्षा रुंद असल्याने हे शक्य होते आणि तेवढ्याच तबकडीवर अधिक माहिती मावते. पण मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या पट्ट्याही नव्याने लिहाव्या लागतात. डिस्क हे काम आतल्या आत, रिकाम्या वेळी उरकते. थोडे थोडे लिहिले तर कळतही नाही. तासन्‌तास सलग लिहिले की राखीव जागा भरते आणि वेग सेकंदाला काही दहा मेगाबाइटवर येतो. अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचात बिघडलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क बसवून तो पुन्हा भरायला घेतला की ती वेळेत उत्तर देत नाही आणि नॅस तिलाही निकामी ठरवून बाहेर काढते. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या. तेव्हा मालिकेच्या नावावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या तक्त्यात पाहावा. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क बहुतांशी एसएमआरच असतात. बॅकअपसाठी त्या ठीक, संचात नकोत.

दुसरा फरक चुकीला दिलेल्या वेळेचा. साधी डिस्क खराब जागा वाचण्यासाठी कधी कधी मिनिटभराहून अधिक झगडते. नॅसची डिस्क सुमारे ७ सेकंदांत हार मानून तसे कळवते आणि संच ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून घेतो. नॅस चालवणारे लिनक्स साधारण ३० सेकंद थांबते, म्हणून साधी डिस्क धडधाकट असूनही संचातून बाद होऊ शकते.

रेड (RAID; वरील ‘रेड’ मालिकेशी संबंध नाही) : अनेक डिस्कचा एक संच करून एखादी बिघडली तरी माहिती टिकवण्याची ही पद्धत. तिला नाव देणारा निबंध डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी बर्कली येथे १९८७ मध्ये लिहिला व १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र आयबीएमच्या नॉर्मन ऊची यांना अशाच कल्पनेचे पेटंट १९७८ मध्येच मिळाले होते. बर्कलीच्या गटाचे श्रेय शोधापेक्षा वर्गीकरणाचे मानावे, हे मत ग्राह्य दिसते.

४ टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड-५ संच १२ टेराबाइट देतो व एक डिस्क गेलेली सोसतो. रेड-६ संच ८ देतो व दोन सोसतो. रेड-५ मोठ्या डिस्कवर वापरू नये असे एक मत आहे. त्याचा आधार असा : कंपन्या दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे, म्हणजे १२.५ टेराबाइटमागे, जास्तीत जास्त एक वाचनचूक छापतात. ६ टेराबाइटच्या चार डिस्कपैकी एक गेली की उरलेल्या तिघींवरचे १८ टेराबाइट चुकीशिवाय वाचावे लागतात, आणि या हिशेबाने अपयशाची शक्यता तीन-चतुर्थांश निघते. प्रत्यक्षात महिन्याच्या तपासणीत एवढेच वाचन बहुतेक संच बिनबोभाट पार पाडतात. छापलेला आकडा हमीची मर्यादा आहे, सरासरी नव्हे, असे मानणाऱ्यांची बाजू म्हणून वजनदार वाटते. तरीही पुनर्भरणाला एक-दोन दिवस लागतात व त्या काळात सगळ्या डिस्कवर ताण पडतो. एकाच पेटीतून आलेल्या डिस्क असल्यास अधिक सावध राहावे.

घरी दोन डिस्कची आरसा-प्रत (रेड-१) पुरते. पुन्हा मिळवता येणारे सिनेमे जास्त असतील तर स्नॅपरेड हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे. त्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते, जिच्यातली फाइल लावली तेवढीच डिस्क फिरते आणि बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत मिळवून देणारा पडताळा ठरल्या वेळी, बहुधा रात्री, काढला जातो. उणीव हीच की, दिवसभरात आलेल्या फाइली रात्रीपर्यंत उघड्यावर असतात.

झेडएफएस ही फाइलप्रणाली (सन मायक्रोसिस्टिम्स, २००५) दर टेराबाइटमागे १ गिगाबाइट रॅम मागते, असा सल्ला सर्रास दिला जातो. घरगुती वापरात ८ गिगाबाइटवर मोठे संच सुरळीत चालतात; दुहेरी प्रती वगळण्याची सोय चालू केली तरच रॅमची भूक खरोखर वाढते. चूक सुधारणारी रॅम याच प्रणालीला विशेष लागते, हा समजही तिचे एक कर्ते मॅथ्यू अहरेन्स यांनी खोडला आहे.

जाळे व टीव्ही : गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, म्हणजे ४ टेराबाइटची पहिली भरणी दहा तासांची. हे काम वाय-फायवर करू नये. कॅट-५ई केबल पुरते. तिच्या चार जोड्यांतली एक तुटली की जोडणी अनेकदा १०० मेगाबिटवर उतरते, दिवा मात्र लागलेलाच राहतो.

४के ब्लू-रेचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत चढतो. पुष्कळशा टीव्हींचा लॅन-पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, म्हणून नेमक्या हाणामारीच्या दृश्यात चित्र अडकते आणि दोष नॅसला लावला जातो. टीव्ही जवळच्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर घेतल्यास बहुधा सुटते.

फाइल टीव्हीला जशीच्या तशी चालत असेल तर नॅसला फारसे काम नसते. चालत नसेल तर प्लेक्स किंवा जेलीफिन (एंबी या तशाच सॉफ्टवेअरपासून डिसेंबर २०१८ मध्ये फुटलेले) हे नॅसवरचे सॉफ्टवेअर ती चालू असतानाच बदलून देते. फक्त ध्वनी बदलायचा असेल, उदाहरणार्थ डीटीएस हा ध्वनिप्रकार न घेणाऱ्या टीव्हीसाठी, तर भार किरकोळ असतो. चित्र बदलायचे असेल तर प्रोसेसरमध्ये चित्रप्रक्रियेचा भाग हवा. इंटेलच्या एन१०० सारख्या साध्या प्रोसेसरमध्ये तो आहे. रायझन आर१६०० मध्ये नाही, आणि हा प्रोसेसर असलेली नॅस यंत्रे स्वस्त नसतात. चित्ररूप उपशीर्षके लावली की अनेक टीव्हींवर संपूर्ण चित्र नव्याने बनवावे लागते. खरखर आवाज करत पंखा अचानक जोरात फिरू लागला तर आधी उपशीर्षके बंद करून पाहावी.

देवनागरी नावे व उपशीर्षके : या बाबीची दखल इतरत्र क्वचितच घेतलेली आढळते. लिनक्सच्या सर्वसाधारण फाइलप्रणालीत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे ८५ चिन्हे; त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्षि’ एकटाच १२ बाइट खातो. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे चालणारे लांब नाव नॅसवर उतरवताना अडते. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे.

‘ऱ’ हे अक्षर आणखी अडचणीचे. ‘साताऱ्याचे लग्न’ या नावातला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. काही जुन्या टंकनसाधनांत ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असेही करतात. दिसायला तिन्ही जवळजवळ एकच, साठवणीत तीन वेगळी नावे. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली पहिले रूप स्वतःहून दुसऱ्यात बदलते. तेथून आरसिंक या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत घेतली की एकाच लग्नाच्या दोन फाइली दिसू लागतात. आरसिंकच्या रूपांतर-पर्यायाने पहिली दोन रूपे एकत्र येतात. तिसरे येत नाही, ते हातानेच दुरुस्त करावे लागते.

मराठी उपशीर्षके यूटीएफ-८ या युनिकोड साठवणपद्धतीत असावीत. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली उपशीर्षके टीव्हीवर रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उमटतात. जोडाक्षरे तुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल, तर दोष फाइलीचा नसून टीव्हीतील ॲपच्या अक्षरजुळणीचा असतो.

जागा व वीज : दोन डिस्कचे यंत्र २० वॅट घेत असेल तर महिन्याला १४-१५ युनिट होतात. डिस्कचे तापमान ३० ते ४५ अंश सेल्सियस ठीक; ५० च्या वर गेल्यास यंत्राची जागा बदलावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाट किंवा टीव्हीमागची फट टाळावी. घरगुती इन्व्हर्टर वीज जाताच भार उचलतो, पण त्या क्षणाला काही यंत्रे बंद पडतात. शिवाय बॅटरी संपत आल्याचे तो नॅसला कळवू शकत नाही. यूएसबी तार असलेला लहान यूपीएस मध्ये ठेवल्यास नॅस वेळेत स्वतःहून बंद होते. राउटरही त्याच यूपीएसवर असावा.

बॅकअप : रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत घराबाहेर, हा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर सांगितला जातो. घरच्या हिशेबात नॅस, कपाटातली यूएसबी डिस्क आणि नातेवाइकांकडे ठेवलेली दुसरी यूएसबी डिस्क एवढे पुरते. सिनेमे वगळून फक्त छायाचित्रे, घरचे चित्रण व कागद घेतले तर जागाही फार लागत नाही. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइलप्रणालींवरील स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणीच्या फाइलींची जपलेली स्थिती, हे चुकीच्या पुसण्यावर चांगले औषध, चोरी व आगीवर नाही.

नॅसचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नये. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने अशीच उघडी असलेली क्यूनॅपची यंत्रे कुलूपबंद केली. भारतातील अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असल्याने पोर्ट उघडूनही बाहेरून पोहोचता येत नाही. बाहेरून सुरक्षितपणे पोहोचण्यासाठी वायरगार्ड किंवा टेलस्केल ही खासगी जोडणी (व्हीपीएन) वापरावी. यांपैकी दुसरे वाटलेल्या पत्त्यावरही चालते.

निगा : संपूर्ण संचाची पडताळणी महिन्यातून एकदा लावावी. डिस्कच्या स्वयंनिदान (स्मार्ट) तक्त्यातील ५, १९७ व १९८ या क्रमांकांचे मूळ आकडे शून्य असावेत. ते वाढत चालले असतील तर डिस्क बदलावी. १९९ वाढत असेल तर डिस्क सहसा निर्दोष असते, बिघाड केबलमध्ये किंवा खणातल्या जोडणीत असतो.