एकाच दगडाचा निळा आणि आकाशी

फिकट निळा हवा असेल तर निळ्यात पांढरा मिसळायचा, हे शाळेतल्या रंगपेटीने आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. जपानी पारंपरिक चित्रकलेत त्यासाठी पांढरा लागतोच असं नाही. तोच दगड आणखी बारीक कुटला की काम होतं.

क्योतोच्या ओगाता कोरिनने (१६५८–१७१६) रंगवलेले आयरिसच्या फुलांचे घडीचे पडदे तोक्योच्या नेझू संग्रहालयात आहेत. सोन्याच्या वर्खावर निळी फुलं आणि हिरवी पानं, बाकी काही नाही. निळा ॲझुराइटचा, हिरवा मॅलाकाइटचा. दोन्ही तांब्याची खनिजं.

अशा रंगांना 'इवा-एनोगू' म्हणतात, म्हणजे दगडाचे रंग. भुकटी पाण्यात ढवळली की जाड कण आधी तळाशी बसतात आणि बारीक कण तरंगत राहतात, त्यावरून प्रतवारी होते. क्रमांक साधारण ५ ते १३. आकडा वाढेल तसा कण बारीक आणि रंग फिका. सगळ्यात बारीक भुकटीचं नाव 'ब्याकु', म्हणजे चक्क पांढरा!

हे का होतं, ते मोरचुदावर बघता येतं. खडा गडद निळा असतो आणि त्याची पूड फिकट (हातमोजे घाला, स्वयंपाकाचा खलबत्ता वापरू नका). प्रकाश जाड कणात शिरतो तेव्हा आत बराच प्रवास करतो. त्या वाटेत लाल-पिवळा भाग शोषला जातो आणि निळा उरून बाहेर येतो. कण बारीक असले तर पावलोपावली नवा पृष्ठभाग आडवा येतो, आणि बराचसा प्रकाश फारसं काही शोषलं जाण्याआधीच माघारी फिरतो. तो पांढराच असतो, म्हणून निळा पातळ दिसतो.

आता त्या पृष्ठभागावर नेमकं काय घडतं? दोन माध्यमांच्या अपवर्तनांकात (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो, ते सांगणारा आकडा) जितका फरक, तितकं परावर्तन जास्त. हवेचा अंक १, ॲझुराइटचा १.७३ ते १.८४, तेलाचा सुमारे १.५. तैलरंगात कण तेलात बुडालेले असतात, फरक कमी पडतो आणि रंग गडद होतो. रांगोळीवर पाणी सांडलं की ती गडद दिसते, तसंच. जपानी चित्रकार मात्र 'निकावा' वापरतो, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस. वाळल्यावर तो कणांना जेमतेम चिकटवून ठेवतो, मधे हवा राहते. त्यामुळे मखमली, चमक नसलेला पोत येतो. शिंपल्यांची पांढरी पूड, 'गोफुन', सरसात शुभ्र दिसते, तेलात जवळपास पारदर्शक होते. कॅल्शियम कार्बोनेटचा अंक १.६च्या आसपास, तेलाला अगदी खेटून.

ॲझुराइटचा खडा बाळगला की 'तिसरा डोळा' उघडतो, अशा जाहिराती नेटवर सर्रास दिसतात. निव्वळ थापा आहेत. त्यात तांब्याचं कार्बोनेट आहे, शक्ती-बिक्ती काही नाही. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही तितकंच खोटं: या चित्रकारांचा लाल 'शिन्शा' म्हणजे आपला हिंगूळ, पाऱ्याचं सल्फाइड.

मला सगळ्यात आवडतो तो रंग कालवण्याचा क्षण. पांढऱ्या बशीत चिमूटभर भुकटी, तीवर कोमट सरसाचे थोडे थेंब, आणि मधल्या बोटाने सावकाश मळणं, प्रत्येक कणाला सरस लागेपर्यंत. सरस कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला येतो. जास्त झाला तर कणांमधली हवा जाते, रंग काळवंडतो आणि पुढे पापुद्रे सुटतात.