पार्श्वभूमी : पुलाच्या पायथ्याची चूल

जर्मनीत रेगेन्सबुर्गला गेलेला माणूस आधी डॅन्यूबवरचा दगडी पूल बघतो आणि मग पुलाच्या पायथ्याशी जिथून धूर निघतो तिकडे वळतो. ती ‘वुर्स्टकुखल’. बव्हेरियन बोलीत ‘कुखल’ म्हणजे स्वयंपाकघर. नऊशे वर्षं जुनी सॉसेजची खानावळ, अशी तिची ख्याती. त्यातली चूल जुनी आहे; सॉसेजचं तसं नाही.

पूल ११३५ ते ११४६ या काळात उभा राहिला. बांधकामाची कचेरी याच जागी होती आणि काम संपल्यावर तिथे खानावळ सुरू झाली, असं परंपरा सांगते. शेजारीच धक्का होता, माल चढवा-उतरवायची यारी होती. त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं: हमाल, खलाशी आणि पुढे कॅथेड्रलचं काम निघालं तेव्हा पाथरवट. त्यांना मिळायचं उकडलेलं मांस. पोट भरणारं, झटपट हाती पडणारं. मेजवानीचा थाट इथे कधीच नव्हता. सतराव्या शतकात शेजारी मिठाचं भलंमोठं कोठार उभं राहिलं. नावेतून येणारं मीठ तिथे साठवलं जाई. आज दिसणारी खानावळीची बसकी इमारतही त्याच शतकातली, शहराच्या तटबंदीला टेकवून बांधलेली.

लाकडी कोळशाच्या निखाऱ्यावर भाजलेली डुकराच्या मांसाची सॉसेजेस आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, खानावळ नव्या मालकांकडे गेल्यावर. म्हणजे ज्या पदार्थासाठी आज रांग लागते, त्याचं इथलं वय दोनशेच्या आसपास. सोबत आंबवलेला कोबी, म्हणजे सावरक्राउट, आणि गोडसर मस्टर्ड. कोबी आंबवून ठेवला की हिवाळाभर टिकतो आणि चरबीदार मांसाला त्याचा आंबटपणा बरोबर तोडतो. ही जोडी गरजेतूनच जमलेली.

‘सर्वांत जुनी’ कोण, यावर न्युरेंबर्गकरांशी वाद आहेच. तिथली एक सॉसेजवाली खानावळ १४१९ सालचा दाखला पुढे करते. तिथली सॉसेजेस ७ ते ९ सेंटिमीटरची, बोटाएवढी. चूल मोजायची की पदार्थ, यावर निकाल फिरतो.

नदीकाठच्या जागेची किंमत मात्र वुर्स्टकुखलने वेळोवेळी मोजली आहे. भिंतींवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. २०१३ च्या जून महिन्यातही डॅन्यूब आत शिरली होती.