पूर, ऊस आणि जिबरेलिन: वाढ थांबवण्यामागची पार्श्वभूमी

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट आहे. पाणी ओसरले की करवीर-शिरोळ पट्ट्यात दरवेळी तोच प्रश्न येतो: पिवळ्या पडलेल्या उसावर लगेच जिबरेलिन हे वाढीचे संजीवक फवारावे का? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याचे कारण भाताच्या एका रोगापासून सुरू होते.

या रोगाची बुरशी लागलेली भाताची रोपे सरळ उंच सुटतात, फिकी पडतात आणि लोळतात. तैवानात काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये बुरशी गाळून उरलेला अर्क निरोगी रोपांना दिला, तर तीही तशीच वाढली. म्हणजे करामत बुरशीने सोडलेल्या द्रव्याची होती. तेइजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्याला जिबरेलिन नाव दिले. निरोगी वनस्पतीही ते स्वतः बनवतात, हे 1950च्या दशकात कळले.

हरितक्रांतीचे बुटके वाण उभे राहिले ते याच द्रव्याला आवर घालून, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हते. नोरिन 10 या जपानी वाणापासून आलेला बुटका गहू जिबरेलिनला दादच देत नाही, हे 1999 मध्ये जनुकाच्या पातळीवर उलगडले. वाढ रोखून धरणारी डेला प्रथिने जिबरेलिन आले की एरवी नष्ट होतात. या गव्हात ती टिकून राहतात. 1966 चा आयआर 8 भात मात्र मुळात जिबरेलिनच कमी बनवतो. तेही 2002 मध्ये स्पष्ट झाले.

दुष्काळात झाड स्वतःला कसे आवरते, याचा शोध वेगळा चालला होता. कापसाच्या बोंडांतून 1963 मध्ये वेगळे केलेले अॅब्सिसिक आम्ल हे दुसरे संजीवक कोमेजणाऱ्या गव्हाच्या पानांत झपाट्याने वाढते, हे 1969 मध्ये दिसले. ते पर्णरंध्रे मिटवते. पाणी वाचते, पण कर्बग्रहणही थांबते.

पुराचे कोडे सोडवले ओडिशाच्या एफआर 13ए या भाताने. पूर्ण बुडून दोन आठवडे तो तग धरतो. त्यातले सब1ए जनुक 2006 मध्ये सापडले. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात, त्यामुळे बुडालेल्या रोपात त्याने स्वतः बनवलेला इथिलीन वायू कोंडतो. त्यावर सब1ए जागे होते, डेला कुळातील प्रथिने वाढवते आणि जिबरेलिनचा जोर मोडते. रोप उंच व्हायच्या फंदात पडत नाही. साठवलेली साखर पाणी उतरेपर्यंत पुरवून वापरते. खोल पाण्यातले भात याच्या नेमके उलट वागतात: 2009 मध्ये सापडलेल्या स्नॉर्कल जनुकांमुळे कांडी ताणून शेंडा पाण्याबाहेर काढतात. पूर महिनोन् महिने टिकत असेल तर तेच बरोबर. आठ-दहा दिवसांच्या पुरात मात्र साखर खर्चून लांबलेले रोप पाणी गेल्यावर आडवे होते.

उसाकडे सब1ए नाही. त्याचे भवितव्य पोंग्यावर, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीवर, ठरते. पोंग्यात गाळ बसला की तो कुजतो. मधले पान हलके ओढल्यावर उपटून आले आणि बुडाशी घाण वास आला, तर शेंडा मेला असे धरावे. शेंड्यातून खाली येणारे, डोळे दाबून ठेवणारे ऑक्झिन हे संजीवक बंद होते, वरचे डोळे सुटतात, पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात. या पांगशा कांडीतली साखर खातात. साखरेचा उतारा आणि वजन दोन्ही घटते. असा ऊस लवकर गाळपाला द्यावा.

पोंगा जिवंत असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वाफसा येऊ द्यावा. हवेअभावी मुळ्या मेलेल्या असताना जिबरेलिन मारले, तर कांडी उरलेल्या साखरेवर लांबते, बारीक राहते आणि लोळते. नवे पान उघडले आणि पांढऱ्या मुळ्या दिसल्या, की मगच फवारणीचा विचार करावा. 50 पीपीएम (दशलक्ष भागांत 50 भाग) द्रावणासाठी 1 ग्रॅम जिबरेलिक आम्ल (शुद्ध भुकटी) थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात मिसळतात. भुकटी थेट पाण्यात टाकली तर नीट विरघळत नाही, तळाशी बसते. विम्लधर्मी (अल्कधर्मी) पाण्यात जिबरेलिक आम्ल टिकत नाही, म्हणून विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच) आधी तपासावा आणि द्रावण त्याच दिवशी संपवावे.